मालक गेला तरी

2025च्या डिसेंबरात मुंबईत फुटबॉलच्या दोन बातम्या बारा दिवसांच्या अंतराने आल्या. 14 तारखेला लिओनेल मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. सचिन तेंडुलकरने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली, मुख्यमंत्री हजर, सिनेमावाले हजर, आणि हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्या लोकांनी क्रिकेटचं ते स्टेडियम भरून टाकलं. मेस्सी खरा सामना खेळलाच नाही. मैदानभर फिरला, पोरांबरोबर चेंडू टोलवला, थोडे चेंडू प्रेक्षकांत मारले. लोक खूश होऊन चर्चगेटची लोकल पकडून घरी गेले. 26 तारखेला सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटी एफसी या आपल्याच शहरातल्या संघावरची मालकी सोडली. 2019च्या नोव्हेंबरात त्यांनी 65 टक्के हिस्सा घेतला होता. तो आता मूळच्या मालकांकडे परत गेला. त्यावर ना कुणी हळहळलं, ना कुणी मोर्चा काढला. लोकलमध्ये, नाक्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर कुठेच हा विषय निघाला नाही.

हा संघ काही गल्लीतला नव्हे. इंडियन सुपर लीग त्याने दोनदा जिंकली आहे, 2021 आणि 2024 साली. साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी शील्डही दोनदा घेतली. 2022च्या एप्रिलमध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्याच्याकडे आहे. एखाद्या क्रिकेट संघाच्या नावावर यातलं निम्मं असतं, तर त्याचा परदेशी मालक निघून जाताना चॅनेलवाल्यांनी चर्चा झोडल्या असत्या. आणि हा संघ राहतो कुठे, तर अंधेरी पश्चिमेला, आझाद नगर मेट्रो स्टेशनच्या शेजारी.

अकरा वर्षं शहरात राहून, करंडक जिंकून, संघ शहराच्या लक्षात का राहू नये? मुंबईकरांना फुटबॉल आवडत नाही, हे उत्तर चुकीचं आहे. कुठल्याही रविवारी सकाळी अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड एक चक्कर मारा. जाळ्या लावलेले हिरवे टर्फ तासाच्या भाड्याने चढाओढीने भरलेले असतात. पाच-सहा वर्षांची पोरं शंकू मांडून चेंडू पुढे नेत असतात, कडेला पालक हातात पाण्याच्या बाटल्या धरून उभे. सराव संपला की बुटात आणि मोज्यांत शिरलेले रबराचे काळे कण पोरं तिथेच झटकतात, उरलेले घरी बाथरूममध्ये निघतात आणि आईचा पारा चढतो. त्या पोरांच्या अंगावरच्या जर्सी मात्र बघा. मँचेस्टर, बार्सिलोना, रिआल माद्रिद, अल नासर. उपनगरातच ज्याचं घरचं मैदान आहे, त्या संघाची निळी जर्सी शोधावी लागते.

इंडियन सुपर लीग सुरू झाली 12 ऑक्टोबर 2014ला. पहिलाच सामना कोलकाता विरुद्ध मुंबई होता आणि तो आपण 3-0 ने हरलो. लीगची कल्पना सरळ व्यापाराची होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली आयएमजी-रिलायन्सशी करार केला: पंधरा वर्षं, 700 कोटी रुपये, बदल्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क. त्या हक्कांतून आठ शहरांची नावं घेऊन आठ फ्रँचायझी विकल्या गेल्या. घेणाऱ्याने दरवर्षी कोट्यवधींची फी भरायची, खेळाडू आणायचे, आणि बदल्यात लीगमधली त्याची खुर्ची पक्की. शेवटचा आला तरी बाहेर जायची भीती नाही. मुंबईची फ्रँचायझी रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांनी घेतली. पहिल्या हंगामात युनबर्ग आला, अनेल्का आला, दोन वर्षांनी फोर्लान आला. घरचं मैदान मात्र पहिले दोन हंगाम नेरुळचं डी. वाय. पाटील होतं. अंधेरीच्या माणसाने मुंबईचा संघ बघायला वाशीची खाडी ओलांडून जायचं, हा त्या काळातला गमतीचा भाग.

2016 साली संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. महापालिकेचं हे संकुल 1988 सालचं. आमच्या पिढीला ते आठवतं ते 1996 सालच्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमामुळे. फुटबॉलसाठी गवत नीट केलं, दिवे लावले, सात-आठ हजार खुर्च्या मांडल्या आणि उपनगराला प्रथमच मोठ्या फुटबॉलचं मैदान मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने इथे पोर्तो रिकोला 4-1 ने हरवलं. मुंबईत राष्ट्रीय संघाचा सामना त्याआधी एकसष्ट वर्षं झालेला नव्हता. ही गोष्ट फ्रँचायझीच्या खात्यावर जमा धरलीच पाहिजे. या लीगमुळे खेळाडूंचे पगार वाढले, प्रशिक्षक चांगले आले, टीव्हीवर खेळ बघण्यासारखा दिसू लागला. लीगला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी त्याआधीचे भारतीय सामने टीव्हीवर कसे दिसायचे ते आठवून पाहावं.

पण त्याच मैदानावर जून 2018मध्ये जे घडलं, त्यात पुढच्या सगळ्या दुखण्याची लक्षणं होती. चार देशांच्या स्पर्धेत भारताने चिनी तैपेईला 5-0 ने हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि अधिकृत प्रेक्षकसंख्या होती 2,569. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मुसळधार पावसात मैदान तुडुंब भरलं. सगळ्यांनी याला चमत्कार म्हटलं. मला त्या वेळीही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की राष्ट्रीय कप्तानाला हात जोडावे लागतात याचा अर्थ मधली सगळी यंत्रणा गायब आहे. क्लब, सभासद, शाळा, स्थानिक लीग हे लोकांना मैदानावर आणण्याचं काम वर्षभर करत असतात. ते नसले की ओढून आणायला एकट्या छेत्रीचा जीव लागतो.

यंत्रणा कधीच नव्हती, असंही नाही. रोव्हर्स कप 1891 साली मुंबईत सुरू झाला. हार्वूड लीगही शतकापूर्वीची. या शहराचं फुटबॉल नंतर उभं राहिलं ते ऑफिसच्या संघांवर: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, बेस्ट, आरसीएफ, एअर इंडिया, ओएनजीसी. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी, पर्मनंट, पीएफसकट. पगार मोठा नव्हता, पण पस्तिशीत गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. महिंद्रचा संघ 1962 सालचा. 2005-06 साली त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, 2010 साली, कंपनीने संघ बंद केला. 2013 साली क्लब परवान्याच्या नव्या अटी पुऱ्या न केल्यामुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचंच पुढचं नाव) बाहेर गेले. दरम्यान 2007 साली एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला होता. कूपरेजचं काम चालू असल्याने त्याला काही हंगाम घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. 2017 साली तो आय-लीगमधून खाली घसरला आणि मालकाने दुकान बंद केलं. या संघाला बरीच वर्षं तुटपुंज्या पैशांत तगवून धरणारा प्रशिक्षक खालिद जमील. 2017 साली मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारा तोच आणि आज राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही तोच. म्हणजे माणसं टिकतात, क्लब टिकत नाहीत.

पुण्याची कहाणी याहून करुण. पिरामलांचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डी. एस. कुलकर्णींचा डीएसके शिवाजीयन्स, आणि सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. दहा-बारा वर्षांत चार व्यावसायिक संघ आले आणि चारही गेले. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. पुणे सिटी 2019 साली बंद पडल्यावर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली, आणि 2025 साली हैदराबादचा संघ उचलून दिल्लीला नेला. त्या आधी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. सरकारी नोकरीत जशा बदल्या होतात, तसे आपले क्लब शहरं बदलतात. फक्त इथे मागे राहिलेल्यांना निरोपसमारंभही मिळत नाही.

दोष फ्रँचायझीच्या परकेपणात नाही, हे यातून दिसावं. महिंद्र अस्सल मुंबईकर कंपनी होती, डीएसके अस्सल पुणेकर. ऑफिसचा संघ आणि फ्रँचायझीचा संघ यांत पैशाचा, झगमगाटाचा, कराराचा फरक आहे, पण मर्मस्थान एकच: संघ चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारा माणूस एकटा असतो आणि तो मैदानाबाहेरच्या कारणांनी ठरवतो. कंपनीचं धोरण बदललं, बांधकाम व्यवसाय बुडाला, लीगच्या भविष्याची खात्री उरली नाही, की संघ संपला. लीग वाढली हे आपण संघांच्या आकड्यावरून मोजतो, आठाचे चौदा झाले म्हणून. माझ्या मते लीगची वाढ मोजायचं माप दुसरं आहे: किती संघ आपल्या पहिल्या मालकानंतरही त्याच गावात जगले.

जपानने हे माप ओळखलं होतं. तिथेही 1993 पर्यंत फुटबॉल कंपन्यांचंच होतं: मित्सुबिशी, निस्सान, सुमितोमो. जे-लीग सुरू करताना त्यांनी या संघांना मोडीत काढलं नाही, गावाला बांधलं. कंपनीचं नाव काढायचं, गावाचं लावायचं, पोरांचे संघ चालवायचे, गावाशी नातं जोडायचं, या अटी. मित्सुबिशीचा उरावा झाला, निस्सानचा योकोहामा. सुमितोमोचा संघ काशिमा नावाच्या पोलाद कारखान्याच्या छोट्या गावात गेला, तिथे झिको खेळायला आला, आणि तो जपानचा सगळ्यात यशस्वी क्लब ठरला. योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाला आपलं नाव संघावरून काढायचं नव्हतं. लीगच्या अध्यक्षांनी माघार घेतली नाही. दहा क्लबांनी सुरुवात झाली होती, आज तीन स्तरांत साठ आहेत. त्या आधी एकदाही विश्वचषकाला न गेलेला जपान 1998पासून एकही विश्वचषक चुकलेला नाही. आपल्याकडे काय झालं? ऑफिस संघ मरू दिले आणि वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पैशाने, वेगळं दुकान मांडलं. एअर इंडियाचा कलिन्याचा संघ सांताक्रूझ-कुर्ल्याचा होऊ शकला असता. कुणी विचारच केला नाही.

अर्थात जपानमध्येही संघ बुडाले. 1998च्या अखेरीस योकोहामा फ्ल्युगेल्सच्या प्रायोजकांनी हात वर केले आणि तो संघ शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन झाला. समर्थकांनी शेजाऱ्याचा झेंडा घ्यायला नकार दिला, पैसे गोळा केले, योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला, खालून सुरुवात केली आणि 2007 साली पहिल्या स्तरावर पोचले. पुणे सिटी बंद झाल्यावर पुण्यात असं काही झालं नाही. समर्थक होते, ओरडणारे, ढोल वाजवणारे, पण त्यांच्या हातात सभासदत्वाचा कागद नव्हता. नवा क्लब काढला तरी तो वर कुठे चढणार, ही शिडीही तेव्हा नव्हती.

आणि हे सगळं सांगायला जपानपर्यंत जायचीही गरज नाही, कोल्हापूरपर्यंत गेलं तरी पुरे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. नावं कुस्तीची आणि पेठांची, खेळ फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला तिकीट काढून हजारोंची गर्दी होते. पोरगं कुठल्या तालमीचं हे त्याच्या जन्माच्या पेठेवरून ठरतं, आणि मोठेपणी नोकरीला पुण्या-मुंबईत गेलं तरी निकाल फोनवर विचारतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. हाणामाऱ्या होतात, पोलिसांना लाठ्या काढाव्या लागतात, खेळाडूला पोट भरण्याइतका पैसा नाही, आणि 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अनिकेत जाधवसारख्या पोराला पुढचं करिअर घडवायला कोल्हापूर सोडावंच लागतं. पण एक गोष्ट तिथे अशक्य आहे: पाटाकडील तालीम उद्या सकाळी एका पत्रकाने बंद होणं. ती बंद करायचा अधिकार कुणा एकाकडे नाही. मुंबईकडे पैसा आहे, कोल्हापूरकडे मूळ आहे, आणि आपल्या लीगने या दोघांची गाठ घालून देण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की मुंबईसारख्या फिरत्या शहरात अशी मुळं रुजत नाहीत. उपनगरात राहणाऱ्याने तरी हे म्हणू नये. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923पासून सभासदांच्या जिवावर चालू आहे. गोरेगावचं प्रबोधन, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, गल्लोगल्लीची कबड्डीची क्रीडा मंडळं हे सगळं उपनगरातल्याच, दिवसाचे तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसांनी उभं केलं. या मंडळींना संस्था कशी जगवायची ते नीट ठाऊक आहे: वार्षिक सभा, हिशेब, भांडणं, फुटाफूट आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा सभा. फुटबॉलमध्ये त्यांना प्रेक्षक म्हणून बोलावलं गेलं, सभासद म्हणून कधीच नाही. मुंबई सिटीचे वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले समर्थक दर सामन्याला ढोल घेऊन एका कोपऱ्यातून नव्वद मिनिटं गात असतात; क्लबच्या कारभारात त्यांचं एक मतही नाही. जर्मनीत निम्म्यापेक्षा जास्त मतं सभासदांच्या हातात असावी लागतात. तेवढं कुणी मागत नाही. पण शून्य आणि पन्नास यांच्यामध्ये बरेच आकडे आहेत.

शहर आणि संघ यांचं नातं किती तुटकं आहे, ते राहुल भेकेच्या उदाहरणातून दिसतं. मुंबईचा पोरगा. मुंबई एफसीत खेळला, ईस्ट बंगालला गेला. मार्च 2019मध्ये सुपर लीगची अंतिम लढत अंधेरीतच झाली आणि जादा वेळेतल्या 117व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल करून त्याने बेंगळुरूला विजेतं केलं. घरच्या मैदानावर, पाहुण्यांच्या जर्सीत. नंतर तो मुंबई सिटीत आला आणि रियाधचा तो विजयी गोलही त्याचाच. असा खेळाडू कुठल्याही फुटबॉलवेड्या शहरात भिंतींवर रंगवला गेला असता. इथे तो आझाद नगरहून मेट्रोने घाटकोपरला गेला असता तर डब्यात किती जणांनी ओळखलं असतं, याची मला शंका आहे. 2021 साली मुंबईने पहिला करंडक जिंकला तोही कोविडमुळे गोव्यात, फातोर्ड्याच्या रिकाम्या मैदानात. आपल्या संघाचा सगळ्यात मोठा क्षण आपल्यापैकी कुणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

लीगचं स्वतःचं काय झालं ते ताजं आहे. 2010चा तो करार 8 डिसेंबर 2025ला संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी जुलै 2025मध्ये पुढचा हंगाम स्थगित झाला. महासंघाची घटना सर्वोच्च न्यायालयात, नव्या निविदेला एकही बोली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले. ऑक्टोबरात सिंगापूरकडून मडगावात 2-1 ने हरून आपण 2027च्या आशियाई चषकाबाहेर गेलो. जानेवारी 2026मध्ये छेत्री, गुरप्रीत, झिंगन या खेळाडूंना पुन्हा व्हिडिओ काढावा लागला, या वेळी प्रेक्षकांसाठी नव्हे, फिफाने लक्ष घालावं म्हणून. मग केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की लीग 14 फेब्रुवारीपासून चौदाही संघांसह होईल. व्यावसायिक लीगची सुरुवात मंत्र्याने जाहीर करावी, यातच तिच्या व्यावसायिकतेचं मोजमाप आलं. लीगच्या बंदिस्तपणाचाही यात वाटा आहे. 2023पासून आय-लीगच्या विजेत्याला वर यायची वाट उघडली, पण तळाला राहणाऱ्याने खाली जायची अट लांबणीवरच पडली. 2024-25 साली मोहमेडन तळाला राहिला आणि जागेवरच बसला. ज्या लीगमध्ये खाली पडता येत नव्हतं, तिथे मार्च महिन्यातल्या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या सामन्याला जीव कुठून यायचा? वर आणि खाली अशी खरी शिडी असती, तर मुंबईच्या स्थानिक लीगमधून आय-लीगपर्यंत गेलेल्या केंकरे एफसीसारख्या क्लबच्या धडपडीला उपनगरातल्या पोरांच्या लेखी काही अर्थ राहिला असता.

महासंघ, न्यायालय, मंत्रालय यांच्या हातात जे आहे ते त्यांनी करावं. पण एक गोष्ट मुंबईच्याच हातात आहे. परदेशी मालक गेला, उद्या कदाचित आणखी कुणी येईल, तोही जाईल. मैदान मात्र महापालिकेचं आहे. महापालिकेने ते हंगामापुरतं भाड्याने देणं थांबवून दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावं आणि बदल्यात तीन अटी घालाव्यात: संघाने मुंबईबाहेर जायचं नाही, आठवड्यातले ठरावीक तास उपनगरातल्या शाळा आणि स्थानिक लीगच्या संघांना मोकळे ठेवायचे, आणि वर्षाला दोन-तीनशे रुपये भरणाऱ्या सभासदांचे निवडून आलेले दोन प्रतिनिधी क्लबच्या संचालक मंडळावर घ्यायचे. मालकाला हे जाचक वाटेल. वाटू द्या. अकरा वर्षं मोकळीक देऊन पाहिली, तर त्याच्या जाण्याची बातमीही कुणाच्या कानावर गेली नाही. आणि तुमच्या नगरसेवकाकडे गटाराची तक्रार घेऊन जाल, तेव्हा या मैदानाचंही विचारा. अट घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही, ठराव इथेच होऊ शकतो.